डेव्हनची साय

परदेशीं राहणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबाला कशाची आठवण येत असेल, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें: पुरणाची पोळी, अळूची भाजी, दिवाळींतील चकली, फार तर ओल्या नारळाची वडी. आमचीहि आठवण कांहीं वर्षें याच वाटेनें जात असे. परंतु २००५ सालीं इंग्लंड सोडून आम्ही अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया राज्यांत राहावयास गेलों, आणि वर्ष-दीड वर्षांत आमच्या ध्यानांत आलें कीं, आमच्या घरांतील दोन माणसें, एक सर्वांत वडील आणि एक सर्वांत धाकटें, दोन निरनिराळ्या गांवांसाठीं झुरत आहेत आणि दोघांचें झुरणें एकाच पदार्थापाशीं येऊन थांबतें. तो पदार्थ म्हणजे दुधावरची साय. वाचकांस हें ऐकून हसूं येईल. ज्या देशांत दूध गॅलनच्या मापानें विकलें जातें, तेथें सायीसाठीं झुरावें! पण झालें खरें असेंच.

प्रथम इंग्लंडची हकीकत सांगितली पाहिजे. त्या देशाच्या नैर्ऋत्य टोंकाकडे डेव्हन आणि कॉर्नवॉल असे दोन परगणे एकमेकांस लागून आहेत. १९९७ पासून आठ वर्षें आमचें बिऱ्हाड डेव्हनमधील एक्झेटर शहरीं होतें. आमच्या कन्येचा जन्महि तेथलाच. या दोन परगण्यांत क्लॉटेड क्रीम या नांवाची जी साय होते, तिची सर दुसऱ्या कशाला नाहीं. रंग फिकट पिवळा, वर सोनेरी, किंचित् सुरकुतलेली पापडी, आणि पापडीखालीं लोण्याहून मऊ व श्रीखंडाहून घट्ट असा गाभा. चमचा उभा केला तर उभाच राहतो. तेथील तेव्हांच्या कायद्याप्रमाणें हिच्यांत स्निग्धांश शेंकडा ५५ हून कमी असतां कामा नये, असें होतें. स्कोन नांवाचा एक खुसखुशीत, पावासारखा फुगलेला लहानसा गोळा असतो; तो ऊन असतांना त्याचे दोन भाग करावयाचे, त्यावर ही साय आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा घालावयाचा, आणि चहाबरोबर खावयाचें. यांतहि दोन पंथ आहेत. डेव्हनचे लोक अगोदर साय लावितात व वर मुरंबा ठेवितात. कॉर्नवॉलचे लोक अगोदर मुरंबा लावितात व वर साय ठेवितात. आपल्याकडे गंध आडवें कीं उभें यावरून जितक्या निष्ठेनें वाद झाले, तितक्याच निष्ठेनें हा वाद तेथें चालतो. १९९८ मध्यें कॉर्नवॉलच्या सायीला युरोपांत कायद्यानें नामसंरक्षण मिळालें, तेव्हांपासून तर त्या लोकांची मान अधिकच ताठ झाली आहे.

२००१ च्या उन्हाळ्यांत आमचे वडील व मातोश्री एक्झेटरला आलीं होतीं. मातोश्रींनीं प्रथम स्कोनमध्यें अंडें आहे किंवा कसें याची कसून चौकशी केली. सौ. नें घरींच अंड्यावांचून केलेले स्कोन पुढें ठेवले, तरी त्यांनीं ते बाजूला सारून आधीं नुसती साय बोटावर घेऊन चाखिली, आणि क्षणभर थांबून म्हणाल्या, "ही उकळून काढलेली साय नव्हे. ही निखाऱ्यावरची आहे. कुणीतरी रात्रभर जपलंय हिला."

शेजारीं एक वृद्ध बाई राहत असत. त्यांचें बालपण डेव्हनमधील एका शेतावर गेलेलें. सौ. नें मातोश्रींचें म्हणणें त्यांना इंग्रजींत सांगितलें, तेव्हां त्या खुर्चींत सरसावून बसल्या. त्यांची आई संध्याकाळचें दूध पसरट भांड्यांत ओतून रात्रभर स्वस्थ ठेवीत असे. साय वर आली म्हणजे तें भांडें मुळींच न हालवितां चुलीच्या कडेला मंद आंचेवर सरकवावयाचें, कांहीं तास तसेंच राहूं द्यावयाचें, पण उकळी येऊं द्यावयाची नाहीं. मग थंड जागीं नेऊन ठेवावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं झाऱ्यानें साय उचलून घ्यावयाची. दोघींना एकमेकींच्या भाषेचें अक्षर येत नव्हतें. पण भांडें हालवूं नये हें एकीनें हातानें दाखवितांच दुसरीनें मान डोलाविली. त्याच बाईंनीं आम्हांस सांगितलें कीं, दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, इंग्लंडांत साय विकण्याची बंदी झाली ती १९५३ पर्यंत उठली नाहीं. त्या काळीं मार्जरीन, साखर, दूध आणि मक्याचें पीठ घोटून घरोघरीं खोटी साय करीत. पुढें खरी साय बाजारांत आली, तेव्हां कित्येक तरुण मुलांना ती आवडेनाच. त्यांची जीभ खोट्या सायीवर वाढलेली!

२००५ मध्यें आम्ही अमेरिकेंत आलों आणि पुढल्याच वर्षीं वडील निवर्तले. पुण्याचें घर मोठें, पण त्यांतील माणसें एकेक करून पांगलेलीं. तेव्हां मातोश्रींना आम्हीं आमच्याकडे आणिलें. कायमचें आणिलें, अशी आमची समजूत होती.

सदाशिव पेठेंतील त्या घरांत एके काळीं सोळा पानें मांडलीं जात, आणि त्या सोळा माणसांचें तूप मातोश्रींच्या हातचें असे. सकाळीं म्हशीचें दूध येई. तें तापवून निवल्यावर वर जी जाड साय धरे, ती चिनी मातीच्या बरणींत सांठवावयाची, तिला विरजण लावावयाचें, चार दिवसांनीं रवीनें घुसळून लोणी काढावयाचें, ताक शेजारींपाजारीं द्यावयाचें, आणि लोणी कढवून रवाळ तूप करावयाचें. खालीं राहिलेली बेरी साखर घालून आम्हां मुलांच्या हातावर पडे. या कामाला त्यांनीं कधीं काम म्हटलें नाहीं. पण घरांतील त्यांचें आसन त्याच्यावर उभें होतें.

अमेरिकेंत आल्यावर तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आमच्या फ्रिजमधील दूध तापविलें. निवल्यावर त्यावर एक पातळ, कागदासारखी सुरकुती आली. बोट लावतांच ती फाटून दुधांत बुडाली. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या दुकानचें दूध आणविलें. तोच प्रकार. तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, हें दूध मेलेलं आहे."

हें म्हणणें शास्त्राला सोडून नव्हतें. दुधांतील स्निग्धांश सूक्ष्म गोलकांच्या रूपानें असतो, आणि पाण्यापेक्षां हलका म्हणून तो वर येतो; वर येणें हाच त्याचा धर्म. गॉलिन नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थानें १८९९ मध्यें एक यंत्र पेटंट करून घेतलें. त्यांत दूध मोठ्या दाबाखालीं अतिसूक्ष्म छिद्रांतून दडपून नेतात. त्यामुळें ते गोलक फुटून इतके बारीक होतात कीं त्यांना वर येण्याचें बळच राहत नाहीं. दूध शेवटच्या थेंबापर्यंत एकसारखें राहतें. शिवाय अमेरिकेंत ज्याला पूर्ण दूध म्हणतात त्यांत स्निग्धांश शेंकडा ३.२५ एवढाच ठेविलेला असतो. म्हशीच्या दुधांत तो सात-आठ असतो. ज्या बाईनें पन्नास वर्षें दुधावरची साय पाहून दुधाची पारख केली, तिला हें दूध काय वाटावें?

तूप तर आम्ही दुकानच्या बिनमिठाच्या लोण्याचें वीस मिनिटांत करीत होतों. मातोश्रींनीं तें पाहिलें आणि कांहीं बोलल्या नाहींत. सकाळीं आठ वाजतां आम्ही उभयतां कामावर जात असूं, कन्या शाळेंत जाई. घरांत भांडीं घासण्यास यंत्र, कपडे वाळविण्यासहि यंत्र. सहा आठवड्यांनीं एका रात्रीं जेवण झाल्यावर त्यांनीं शांतपणें विचारलें, "मला इथं काय काम आहे रे? पाहुणीसारखं किती दिवस बसायचं?" आम्हीं विषय बदलला, पण त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

इकडे कन्येचें निराळेंच दुःख होतें. ती तेव्हां आठ वर्षांची होती. तिच्या डेव्हनच्या उच्चारांना वर्गांतील मुलें हसत, म्हणून ती शाळेंत बोलतच नसे. मराठी तिला समजे, पण बोलतां येई तें तुटपुंजें. म्हणून आजीशींहि बोलणें बेताचेंच. वाढदिवसाला काय हवें, असें विचारलें तेव्हां ती म्हणाली, एक्झेटरसारखा चहा हवा, खऱ्या सायीचा. एवढी साधी मागणी; आम्हांस वाटलें, एका फेरींत दुकानांतून घेऊन येऊं.

तेथें गेल्यावर कळलें कीं, एकाच इंग्रजी भाषेचे हे दोन देश सायीच्या बाबतींत एकमेकांना परके आहेत. इंग्लंडांत सिंगल क्रीममध्यें निदान शेंकडा १८, व्हिपिंग क्रीममध्यें ३५, डबल क्रीममध्यें ४८ आणि क्लॉटेडमध्यें ५५ स्निग्धांश पाहिजे. अमेरिकेंतील सर्वांत दाट म्हणून जें हेवी क्रीम, त्याला ३६ पुरतो. म्हणजे तेथील शेवटची पायरी ती इंग्लंडच्या मधल्या पायरीच्या जेमतेम बरोबरीची. त्यांतून बहुतेक हेवी क्रीम दोन सेकंद १३८ अंशांपर्यंत तापवून महिना-दीड महिना टिकेल असें केलेलें असतें, आणि तें दाट दिसावें म्हणून त्यांत समुद्रशेवाळापासून काढलेला कॅराजीनन किंवा दुसरा एखादा डिंक मिसळतात. (ऑस्ट्रेलियांत जें थिकन्ड क्रीम मिळतें, त्यांत बहुधा जिलेटिन असतें, शाकाहारी मंडळींनीं तेथें डब्यावरील बारीक अक्षरें अवश्य वाचावींत.) असलें क्रीम आम्हीं पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें रात्रभर ओव्हनमध्यें ठेवून पाहिलें. सकाळीं वर एक चिवट पापुद्रा आणि खालीं जसेंच्या तसें पातळ क्रीम. इतकी आंच एकदां सोसलेल्या सायीला दुसरी आंच मानवत नाहीं.

विलायतेहून आलेल्या लहानशा कांचेच्या बाटल्याहि एका दुकानांत मिळाल्या. आंतील पदार्थाला नांव तेंच होतें, पण टिकण्यासाठीं तो इतका शिजविलेला कीं तोंडांत आटीव दुधाचा वास भरून राहिला. कन्येनें एक चमचा चाखून बाटली सभ्यपणें परत सरकवून दिली. मस्कारपोने नांवाचें इटलीचें एक चक्क्यासारखें चीज असतें. तें फेंटलेल्या क्रीममध्यें मिसळावें, असाहि सल्ला पुष्कळ ठिकाणीं देतात. चांगलें लागतें, आम्हीं नाहीं म्हणत नाहीं. पण क्रीम तापवून त्यांत आंबट पदार्थ घालून केलेलें तें चीज. त्याला डेव्हनची साय म्हणणें म्हणजे चक्क्याला बासुंदी म्हणण्यासारखें आहे.

यापेक्षां आमच्या एक्झेटरच्या शेजारीणबाईंच्या कपाटांत जें एक जुनें यंत्र होतें, त्याची युक्ति अधिक प्रामाणिक होती. कांचेच्या भांड्यावर हातानें दाबावयाचा एक दांडा; कोंबट दुधांत लोणी वितळवून वर ओतावयाचें आणि दांडा दाबीत राहावयाचें, कीं खालच्या भांड्यांत साय जमा होई. एके काळीं अशीं यंत्रें इंग्लंडांतील पुष्कळ घरांत असत. हिशोब सोपा आहे. लोण्यांत स्निग्धांश शेंकडा ८० धरला तर १०० ग्रॅम बिनमिठाचें लोणी आणि ७० ग्रॅम दूध मिळून शेंकडा ४८ चें, म्हणजे इंग्लंडच्या डबल क्रीमच्या तोडीचें मिश्रण होतें. लोणी वितळण्यापुरतें दूध कोंबट करावें, उकळूं नये. मिक्सरमध्यें दोन मिनिटें जोरानें फिरवावें, आणि रात्रभर फ्रिजमध्यें ठेवावें. फळांवर ओतण्यास हें अगदीं उत्तम. आम्ही तें फिरवीत असतां मातोश्री दारांत उभ्या होत्या. "लोण्याचं पुन्हा दूध करतां?" त्या म्हणाल्या. "ही उलटी गंगा झाली. चांगलं दूध शोधा."

चांगलें दूध शोधा! ही गोष्ट कोणालाच सुचली नव्हती. आम्ही सर्व जण सायीच्या मागें धांवत होतों. पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागांत लँकॅस्टर परगणा आहे. तेथें आमिश आणि मेनोनाइट पंथांच्या शेतकऱ्यांची पुष्कळ वस्ती असून दुभत्याचा धंदा मोठा चालतो. एका शनिवारीं चौकशी करीत आम्ही अशा एका गोठ्यावर जाऊन पोहोंचलों कीं जेथें जर्सी गायी होत्या. या जातीच्या दुधांत स्निग्धांश पांचाच्या आसपास असतो. तेथें दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून जंतुरहित करीत, पण तें दडपून एकजीव करीत नसत. कांचेच्या बाटलींत मानेपाशीं तीन बोटें पिवळसर साय स्वच्छ दिसत होती. मातोश्रींनीं बाटली उजेडांत धरून पाहिली आणि मालकिणीकडे पाहून हंसल्या. त्या देशांत आल्यापासून त्यांना असें हंसतांना आम्हीं पाहिलें नव्हतें. याच गोठ्यावर नुसतें क्रीमहि मिळे. तेंहि मंद आंचेवर तापविलेलें, डिंक वगैरे न घातलेलें. त्याच्या चार बाटल्या घेतल्या.

त्या रात्रीपासून स्वयंपाकघर मातोश्रींच्या ताब्यांत गेलें. क्रीम पसरट भांड्यांत दीड इंच खोल ओतलें. ओव्हन १८० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या ८२ अंशांवर ठेविला. त्या यंत्राचा आंकडा आपोआप स्थिर राहतो हें आम्हीं त्यांना तीनदां समजावून सांगितलें. तरीहि रात्रीं दोन वाजतां त्या उठल्या आणि दाराच्या कांचेंतून पाहूं लागल्या. त्यांच्या मागोमाग कन्याहि उठून आली. आम्ही पाणी पिण्यास म्हणून गेलों तों दोघी ओव्हनपुढें जमिनीवर बसलेल्या. आजीची शाल नातीच्या पायांवर. आजी सांगत होती, "बुडबुडा आला तर बिघडलं. नुसतं थरथरायला हवं." नातीनें 'थरथर' हा शब्द दोनदां म्हणून पाहिला.

बारा तासांनीं भांडें बाहेर काढिलें. मंद आंचेनें पाणी थोडथोडें उडून जातें, दुधांतील प्रथिनें वरच्या थरांत जाळें धरितात, आणि वर आलेला स्निग्धांश त्यांत अडकून घट्ट होतो. पण हें सर्व थंड झाल्यावांचून पुरें होत नाहीं. म्हणून भांडें न हालवितां प्रथम ओट्यावर निवूं दिलें आणि मग आणखी बारा तास फ्रिजमध्यें ठेविलें. या बाबतींत मातोश्री कोणाचें ऐकेनात. कन्येनें कोपऱ्यांत बोट घालूं नये म्हणून त्यांनीं भांड्यावर चक्क ताट झांकून वर वरवंटा ठेविला. दुसऱ्या दिवशीं झाऱ्यानें साय उचलिली. सोनेरी पापडी, खालीं दाट गाभा. ओतलेल्या क्रीमच्या अर्ध्याहून थोडी अधिक साय मिळाली. कन्येनें तोंडांत घातली आणि कांहीं बोलली नाहीं. फक्त दुसरा चमचा घेतला.

तळाशीं जें पातळ, गोडसर दूध राहिलें, तें स्कोनच्या पिठांत घालावें असें पुस्तकांत आहे. मातोश्रींनीं त्यांत कणीक भिजवून दशम्या केल्या. आमचें मत विचाराल तर स्कोनपेक्षां त्या दशमीवर ती साय अधिक शोभली. पण हें कन्येच्या देखत बोलण्याची सोय नव्हती.

वाढदिवसाला वर्गांतल्या चार मुली आल्या. साय आधीं कीं मुरंबा आधीं, हा एक्झेटरचा वाद कन्येनें तेथें मोठ्या अभिमानानें मांडला, आणि शेवटीं निवाडा आजीकडे आला. मातोश्रींनीं क्षणभर विचार केला. "साय-साखर खातांना काय करतों आपण? वाटींत आधीं साय, वर साखर. मग मुरंबा वरच." डेव्हनची बाजू जिंकली! कन्येनें तो निकाल आपल्या मैत्रिणींना इंग्रजींत समजावून सांगितला. आणि सांगतांना आपल्या उच्चारांकडे कोणी लक्ष देत आहे किंवा नाहीं, याचें तिला भान उरलें नव्हतें.

पुढें दोन वर्षें दर पंधरवड्यास गोठ्यावरची फेरी आणि शुक्रवारची रात्र ठरलेली होती. साय पुरून उरूं लागली तेव्हां मातोश्रींनीं उरलेलीला विरजण लावून लोणी काढण्यास आरंभ केला. आमच्या घरीं पुन्हा बेरी आली. गोठ्याची मालकीण त्यांच्यासाठीं क्रीमच्या दोन बाटल्या बाजूला ठेवूं लागली. आम्हांस वाटलें, आतां त्या येथें रमल्या.

२००८ च्या दिवाळीनंतर त्यांनीं परत जाण्याचें पुन्हा काढिलें. या वेळीं त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि म्हणूनच आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. धाकटी बहीण पुण्यास एकटी होती, गुडघ्यांनीं अधू झालेली. "तिला माझी गरज आहे," त्या म्हणाल्या. "इथलं आतां हिला येतं." 'हिला' म्हणजे आमच्या दहा वर्षांच्या कन्येला. जाण्यापूर्वीं तीन शुक्रवार त्यांनीं तिच्याकडून सगळें करवून घेतलें, आणि स्वतः हात मागें बांधून उभ्या राहिल्या.

विमानतळावरून परत येतांना सौ. आणि आम्ही फारसें बोललों नाहीं. डिसेंबर-जानेवारींत गायी कोरड्या चाऱ्यावर असतात. त्या दिवसांत साय घट्ट होई, पण रंगानें फिकी. दर रविवारीं पुण्याहून फोन येई आणि आमची ख्यालीखुशाली आटोपल्यावर मातोश्री नातीला बोलावून घेत. दोघींचें बोलणें मराठींत चाले, आणि पुष्कळ वेळ चाले. म्हशीच्या दुधाची साय नेहमींच पांढरी कां, आणि गायीची पिवळी कां, असें कन्येनें एकदां विचारलें. गाय हिरव्या गवतांतला पिवळा रंग दुधांत उतरविते, म्हैस तो उतरूं देत नाहीं, हें शास्त्र आम्हीं तिला समजावून दिलें होतें. पण आजीचें उत्तर तिला हवें होतें. आजीनें काय सांगितलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं.

एप्रिलच्या अखेरीस एका रविवारीं फोनवर मातोश्रींनीं विचारलें, "गायी बाहेर सोडल्या असतील आतां. रंग आला का?"

कन्या फोन घेऊन फ्रिजकडे गेली, भांडें बाहेर काढून उजेडांत धरलें, आणि म्हणाली, "आला, आजी. कडेकडेनं पिवळी झाली आहे."